प्लास्टिकच्या डब्याखाली त्रिकोणात लिहिलेल्या आकड्याचा अर्थ काय?

पाण्याची बाटली, शाम्पूची बाटली किंवा हॉटेलातून भाजी आलेला डबा उलटा करून पाहिला, तर तळाशी बाणांचा एक छोटा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा दिसतो. बाण आहेत म्हणजे ही वस्तू पुन्हा वितळवून वापरली जाणारच, असं अनेकांना वाटतं. काहींना तो दर्जाचा क्रमांक वाटतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने हे आकडे सुरू केले. कचऱ्यातलं प्लास्टिक वेगळं करणाऱ्यांना त्याचा प्रकार ओळखता यावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. मात्र प्रकार कळला, की कशात काय ठेवावं हेही बऱ्यापैकी कळतं.

कोणता आकडा, कोणतं प्लास्टिक?

१ – पेट (पीईटी): पाणी आणि कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या. हलकं, मजबूत आणि आतला वायू बराच काळ धरून ठेवणारं. पण साधारण ७० अंश सेल्सिअसपुढे ते मऊ पडतं. म्हणूनच उकळतं पाणी ओतलं, की बाटली आक्रसते.

२ – एचडीपीई: शाम्पू, फिनेल, तेलाचे कॅन. दुधट किंवा रंगीत, टणक, रसायनांना दाद न देणारं.

३ – पीव्हीसी: औषधी गोळ्यांच्या पाकिटावरचे पारदर्शक फुगवटे बहुधा याचे असतात. यात क्लोरीन असल्याने जाळल्यास विषारी वायू निघतात.

४ – एलडीपीई: मऊ आणि लवचिक. दुधाच्या पिशव्या याच जातकुळीतल्या.

५ – पॉलिप्रॉपिलीन (पीपी): बाटल्यांची झाकणं, पार्सलचे डबे. हे साधारण १६० अंशांना वितळतं, त्यामुळे नेहमीच्या प्लास्टिकमध्ये उष्णता सहन करण्यात सरस.

६ – पॉलिस्टायरीन: ठिसूळ डिस्पोजेबल ग्लास. हेच फुगवलं, की थर्माकोल होतं.

७ – इतर: वरच्या सहांत न बसणारं सगळं काही. पाण्याचे २० लिटरचे पॉलिकार्बोनेटचे जारही यातच येतात.

गरम पदार्थांचं काय?

उष्णता आणि तेल, दोन्हींमुळे प्लास्टिकमधले घटक अन्नात उतरण्याचा वेग वाढतो. त्यामुळे पातळ पिशवीतून चहा किंवा तर्रीदार रस्सा पार्सल आणणं टाळलेलंच बरं. थर्माकोलच्या वाटीत गरम पदार्थ घेणंही तसंच. मायक्रोवेव्हसाठी ५ आकडा पाहाच, पण डबा 'मायक्रोवेव्हसाठी योग्य' असल्याची खूणही तपासा. स्टीलचा डबा घेऊन गेलात, तर हा प्रश्नच उरत नाही.

भंगारवाला काय घेतो, काय नाही?

पेट आणि एचडीपीईला भंगारात चांगली मागणी असते. त्यांचे तुकडे वेगळे करण्याची युक्तीही सोपी आहे. पेट पाण्यात बुडतं, तर झाकणाचं पीपी किंवा एचडीपीई तरंगतं. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र कुणी हात लावत नाही. त्यात वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. थर्माकोल इतकं हलकं, की ते वाहून नेण्याचा खर्चही निघत नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांनाही त्याचा फटका बसला.

दुधाची पिशवी कापतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा. कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकताच राहू द्या. पिशवी धुऊन सुकवून दिली, तर भंगारात जाते. तो इवलासा तुकडा मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. तो थेट गटारात किंवा मातीत जातो आणि तिथेच वर्षानुवर्षं राहतो.