पोरांना कोडिंग शिकवायला मास्तर कुठं शोधायचा? क्लासची पाटी नको, आधी त्याचं काम बघा

जत : उन्हाळ्याची सुट्टी लागली की तालुक्याच्या गावात चौकाचौकांत फलक लागतात. 'सुट्टीत कॉम्प्युटर शिका', 'टायपिंग', 'टॅली'. अलीकडं त्यात 'कोडिंग' हा शब्दही घुसला आहे. मोबाईलवर तर जाहिरातींचा पाऊसच असतो. पोरगं सहावी-सातवीत गेलं की आई-बापाला वाटतं, आपलंही लेकरू मागं राहायला नको. इच्छा चांगली आहे, पण नेमकं काय शिकवायचं आणि कोण शिकवणार हे माहीत नसल्यानं पैसा भलत्याच जागी जातो.

पूर्व भागातल्या एका डाळिंब बागायतदाराचं उदाहरण बघा. मुलगी आठवीत, मोबाईलवर गेम खेळता खेळता "असला गेम बनवतात कसा?" म्हणून मागं लागली. बापानं जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. पलीकडून गोड आवाजात सांगितलं गेलं की मुलगी फार हुशार दिसते, जागा एकच शिल्लक आहे, फी ३६ हजार, पण काळजी नको, महिना तीन हजारांचे १२ हप्ते पडतील. आधार आणि पॅनकार्डाचा फोटो मागितला, मग ओटीपी मागितला. बागेचे पैसे यायचे होते म्हणून गड्यानं ओटीपी सांगितला नाही, एवढंच काय ते नशीब. मग तो तालुक्याच्या एका क्लासात गेला. "कोडिंग आहे की, या!" असं तिथं म्हणाले. आत जाऊन बघतो तर पोरं वर्डमध्ये अर्ज टाईप करत होती.

वापरायला शिकणं वेगळं, बनवायला शिकणं वेगळं

इथंच सगळी गफलत होते. एमएस-सीआयटी हा कोर्स २००१ पासून राज्यात चालतो. सरकारी नोकरीला तो लागतो आणि त्यात वर्ड, एक्सेल, इंटरनेट शिकवतात. शासनाची टायपिंगची परीक्षा आहे. टॅली हिशोबासाठी आहे. हे कोर्स वाईट नाहीत, ज्याला गरज त्यानं जरूर करावेत. पण यात दुसऱ्यानं तयार केलेलं सॉफ्टवेअर वापरायला शिकवतात. सॉफ्टवेअर तयार करणं हे वेगळं काम आहे.

रोजच्या दुधाच्या पावतीवरून हे लगेच समजतं. डेअरीत दूध घातलं की मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं, लिटर मोजतं आणि पावती बाहेर येते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर धरतात, त्याखाली गेलं की पॉइंटप्रमाणं कपात. हे गणित मशीनला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं: फॅट इतक्यापेक्षा कमी असेल तर दरातून इतकं वजा कर, नसेल तर पूर्ण दर लाव, मग लिटरनं गुण. 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' अशा पायरीपायरीनं दिलेल्या सूचना म्हणजे प्रोग्रॅम. त्या लिहिणं म्हणजे कोडिंग. पावती काढायला शिकवणारा आणि पावतीमागचा हिशोब लिहायला शिकवणारा, हे दोन वेगळे मास्तर आहेत. आपल्याला दुसरा हवाय.

इंग्रजीची भीती अनेकांना वाटते, त्यातून आपल्या तालुक्यात मराठीसोबत कानडी माध्यमाच्याही शाळा आहेत. पण पायथन नावाची जी भाषा शाळकरी मुलांना शिकवतात, तिच्यात राखीव शब्द सगळे मिळून ३५ आहेत. इफ, एल्स, फॉर, व्हाईल असले. पाढे पाठ करणाऱ्या पोराला ३५ शब्द काही जड नाहीत. समजावणारा मात्र पोराच्या भाषेत बोलणारा पाहिजे.

मग व्हिडिओ बघून का शिकू नये?

शिकता येतं, आणि फुकट साहित्य भरपूर आहे. मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे, त्यातल्या बऱ्याच धड्यांना मराठी आवाज आहे. पाचवी ते सातवीच्या पोरांसाठी 'स्क्रॅच' आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं ते २००७ मध्ये आणलं. त्यात काही टाईप करावं लागत नाही, रंगीत ठोकळे एकाला एक जोडले की पडद्यावरचं मांजर चालतं, उड्या मारतं. एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान विषयाचं बालभारतीचं पुस्तक आहे, दहावीतल्या हुशार पोरानं ते चाळायला हरकत नाही.

पण अडचण येते ती चुकीपाशी. पायथनमध्ये एका ओळीच्या शेवटी कोलन, म्हणजे ते दोन टिंबांचं चिन्ह, द्यायचं राहिलं किंवा ओळ जिथं आत सरकवायची तिथं सरकवली नाही, तर प्रोग्रॅम चालतच नाही. पडद्यावर इंग्रजीत एरर येते. व्हिडिओतला मास्तर पुढं निघून गेलेला असतो. तेरा वर्षांचं पोरगं तासभर झटतं, मग मोबाईल उलटा टाकून क्रिकेट खेळायला जातं. शेजारी बसून "ही तिसरी ओळ नीट वाच, काय राहिलं?" असं विचारणारा माणूस आठवड्यातून दोन तास जरी मिळाला तरी गाडी पुढं सरकते. मास्तर जवळचा पाहिजे तो एवढ्यासाठी.

मास्तर आहेत कुठं?

सांगली-मिरजेला पाठवायचं म्हटलं तर जतहून जायलाच दोन-अडीच तास. उमदी, संख भागातून आधी जत गाठायचं. शाळकरी पोराला हे जमणारं नाही. मास्तर इकडंच शोधावा लागेल, आणि वाटतं तितका तो दुर्मिळ नाही.

पहिली जागा म्हणजे आपल्याच गावातली शिकायला बाहेर गेलेली पोरं. मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन असो, सांगलीचं वालचंद असो, नाहीतर बीसीए, बीसीएसची कॉलेजं असोत, कॉम्प्युटरला शिकणारं एखादं पोरगं किंवा पोरगी जवळपासच्या वाडी-वस्तीवरची असतेच. शनिवार-रविवारी, सणाला ती घरी येतात. यात्रेत, लग्नात आपण त्यांना "काय शिकतोस रे?" विचारतो आणि "कॉम्प्युटर" ऐकून पुढं जातो. तिथं थांबून दुसरा प्रश्न विचारायचा: "आतापर्यंत काय बनवलंस? दाखव." कॉलेजच्या पोराला खर्चाला चार पैसे होतात, शिकवता शिकवता त्याचाही अभ्यास पक्का होतो. त्याची परीक्षा आली की क्लास बंद पडणार, हे मात्र आधीच धरून चालायचं.

दुसरे, पुण्यात आयटी कंपनीत असलेले गावकरी. कोरोनापासून घरून काम करण्याची पद्धत वाढली, त्यातले काही महिन्यातले काही दिवस गावी असतात. ज्ञान यांच्याकडं जास्त, वेळ कमी. रोजचा क्लास त्यांना मागू नये. महिन्यातून एकदा येऊन पोरांचं काम तपासून गेले तरी मोठी मदत. आणि खरं सांगायचं तर मोठ्या पगाराचा इंजिनिअर लहान पोरांना शिकवायला चांगला असेलच असं नाही, कधी कधी डिप्लोमाचं पोरगं जास्त छान समजावून सांगतं.

आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा कॉम्प्युटरचा ट्रेड असतो, तो झालेली मुलंमुली सेवा केंद्रांत काम करताना दिसतात. त्यातल्या ज्यांना प्रोग्रॅमिंगची आवड आहे ते स्क्रॅच आणि वेबपेजपर्यंत आरामात नेऊ शकतात.

शाळेतल्या गुरुजींना पैसे देऊन घरी शिकवणी घ्यायला सांगू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यांना अडचणीत आणण्यापेक्षा मुख्याध्यापकांकडं चार पालकांनी मिळून जावं आणि कॉम्प्युटरची खोली शनिवारी दोन तास उघडून मागावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीला कोडिंगची ओळख करून द्यावी असं म्हटलं आहे, त्यामुळं ही मागणी काही जगावेगळी नाही. काही शाळांना नीती आयोगाकडून 'अटल टिंकरिंग लॅब' मिळाली आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान असतं. जवळच्या कुठल्या शाळेत ती आहे का, आणि असेल तर कुलूप उघडतं का, याची चौकशी करावी.

ठरवण्याआधी काय बघायचं

मास्तराकडं सर्टिफिकेट किती आहेत यापेक्षा त्यानं स्वतः काय बनवलंय ते चालवून दाखवायला सांगावं. छोटं असलं तरी चालेल, पण स्वतःचं पाहिजे. मग एक तास फुकट शिकवायला सांगावं आणि आपण मागं बसून बघावं. आपल्याला कॉम्प्युटर कळत नसला तरी एक गोष्ट नक्की कळते: किबोर्डवर हात कुणाचे आहेत? तासभर मास्तरच टाईप करत असेल आणि पोरं वहीत उतरवून घेत असतील तर तिथून उठावं. पोरांचे हात किबोर्डवर, मास्तराचे मागं, हा खरा क्लास.

महिनाभरानं एक परीक्षा घरबसल्या घेता येते. घरातली दुधाची पावती पोरासमोर ठेवायची आणि म्हणायचं, लिटर आणि फॅट टाकलं की बिल निघेल असं काहीतरी करून दाखव. पहिल्या महिन्यात नुसता लिटर गुणिले दर जमला तरी चांगलं. तिसऱ्या महिन्यात कपातीचा हिशोब आला पाहिजे. तीन महिन्यांनीही पोरगं फक्त सर्टिफिकेट दाखवत असेल तर मास्तर बदला.

लॅपटॉपवाचून अडतं का? सुरुवातीला नाही. पायथन मोबाईलवरही चालतो, फक्त एवढ्याशा पडद्यावर टाईप करताना बोटं दुखतात. साधा वायरचा किबोर्ड ओटीजी पिनेनं बहुतेक मोबाईलला जोडता येतो, तेवढ्यावर पहिले दोन-तीन महिने निघतात. पुढं सेकंडहँड लॅपटॉप घेतला तर ४ जीबी रॅमवर स्क्रॅच, वेबपेज, पायथन हे सगळं चालतं. मोबाईल ॲप बनवायची जड सॉफ्टवेअर त्यावर चालणार नाहीत, पण नववीपर्यंत त्यांची गरजही नाही.

पैशाचं बघा. समजा मास्तरानं आठवड्याला दोन वेळा येऊन महिना तीन हजार मागितले. एकट्याला ते जड आहेत. सहा घरांनी मिळून पोरं एकत्र बसवली तर प्रत्येकी ५०० पडतात. जागा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा शाळेत मागावी. फी महिन्याच्या महिन्याला द्यावी, वर्षाची एकदम नाही, आणि दिलेल्या पैशाची पावती किंवा निदान फोनवरून पाठवल्याची नोंद ठेवावी.

हप्त्यावाल्या कोर्सची गोष्ट वेगळी. 'हप्ता' म्हणतात ते बऱ्याचदा एका फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कंपनी क्लासला पैसे आधी देऊन मोकळी होते, कर्ज पालकाच्या नावावर चढतं. क्लास आवडला नाही, मास्तर बदलला, क्लासच बंद पडला, तरी हप्ता सुरूच. थकला तर सिबिल खराब होतं आणि उद्या पीककर्जाला, ट्रॅक्टरच्या कर्जाला तेच आडवं येतं. म्हणून "ओटीपी सांगा" म्हटलं की फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, ओटीपी घेऊन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करावा. 'अमुक वर्षाच्या मुलानं ॲप बनवलं, कोटींचं पॅकेज मिळालं' असल्या जाहिरातींवर तर जाऊच नये. २०२० मध्ये अशाच एका गाजलेल्या जाहिरातीतला मुलगा खराच नव्हता हे उघड झालं होतं, आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं आक्षेप घेतल्यावर त्या कंपनीला काही जाहिराती मागं घ्याव्या लागल्या.

पोरींच्या क्लासचं

क्लासची वेळ एसटी बघून ठरवायची, मास्तराची सोय बघून नाही. क्लास सातला सुटणार आणि शेवटची गाडी साडेसहाला गेलेली, मग पहिलं नाव कटतं ते पोरीचं. गावातच किंवा शेजारच्या गावात रविवारी सकाळी क्लास ठेवला तर हा प्रश्नच येत नाही. एकट्या पोरीला बंद खोलीत शिकवणी नको, दार उघडं, चार पोरं सोबत, एखादी आई किंवा आजी तिथं बसलेली. पोरीच्या मोबाईलवर मास्तराचे रात्री-अपरात्री मेसेज नकोत, निरोप पालकांच्या फोनवर यावा. यात मास्तरावर संशय घेण्यासारखं काही नाही, चांगला मास्तर स्वतःच हे सांगतो. काही वावगं वाटलं तर मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे.

त्या डाळिंब बागायतदाराला मास्तर शेवटी शेजारच्या वस्तीवरच सापडला. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला असलेला पोरगा, बाप मेंढपाळ. रविवारी दहा ते बारा, शाळेच्या व्हरांड्यात, एक लॅपटॉप, दोन मोबाईल आणि पाच पोरं, त्यात तीन मुली. फी प्रत्येकी ४००. मुलीचा गेम अजून झालेला नाही. पण दुधाचं बिल काढणारा प्रोग्रॅम झालाय, आणि गेल्या दहा दिवसांच्या पावत्या त्यात घातल्या तर दोन दिवसांचं बिल जुळत नाही. एसएनएफची कपात आपण चुकीची लिहिली की डेअरीनं, याचा शोध घेण्यासाठी तिनं सचिवांकडं दरपत्रक मागितलं आहे.