‘हायवे टच’ ऑफिस : साताऱ्या-सांगलीत जागा भाड्याने घेताना

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत ‘हायवे टच, ऑफिस भाड्याने देणे आहे’ असे फलक दिसतात. त्यात खोटं काही नसतं, पण निम्मंच सांगितलेलं असतं. राष्ट्रीय महामार्ग ४८ ला दुभाजक आहे. इमारत कोल्हापूरकडे जाणाऱ्या बाजूला असेल आणि तुमचा माणूस कऱ्हाडहून येत असेल, तर तो इमारत डोळ्यांनी बघत पुढे जातो, पुढचा भुयारी मार्ग गाठतो आणि वळून येतो. म्हणून जागा बघायला मालकाच्या गाडीतून जाऊ नये. ज्या गावांहून तुमचे कर्मचारी आणि गिऱ्हाइकं येणार, त्या बाजूने स्वतः जावं, तेही सकाळी साडेनऊला. सर्व्हिस रोड आहे का आणि महामार्गावरून आत वळायला रीतसर परवानगी घेतली आहे का, हेही तेव्हाच विचारावं. परवानगीशिवाय केलेला रस्ता रुंदीकरणात बंद झाला, तर ‘टच’ नुसता फलकावर उरतो.

या पट्ट्यात हिंजवडीसारखा सलग बिझनेस पार्क नाही. इथे ऑफिसची जागा वेगवेगळ्या रूपांत मिळते: साताऱ्यात पोवई नाका, राधिका रोडच्या बाजूची व्यापारी संकुलं, सांगलीत विश्रामबाग आणि सांगली-मिरज रस्त्याकडच्या नव्या इमारती, शिरवळ, सातारा, कुपवाड, मिरज इथल्या एमआयडीसी, आणि गणपती पेठेसारख्या बाजारपेठेतले वरचे मजले. कुठली जागा बरी, हे धंद्यावर ठरतं. पुण्याच्या कंपनीला शाखा हवी असेल तर शिरवळ खंबाटकी घाटाच्या अलीकडे आहे, म्हणजे पुण्याहून येणाऱ्याचा घाट वाचतो. हळद, बेदाणा, गूळ यांच्या व्यापाराशी जोडलेला विमावाला, निर्यातदार किंवा सनदी लेखापाल मात्र सांगलीच्या मार्केट यार्डापासून लांब गेला तर त्याचं काम अडतं. इंजिनिअर हवे असतील तर सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासूनचं आणि कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचं. तिथून निघालेली मुलं बहुतेक पुण्याला जातात, पण घराजवळ काम मिळालं तर थांबणारीही असतात.

सांगली या महामार्गावर नाही, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पेठनाक्यावरून आत चाळीसेक किलोमीटर जावं लागतं आणि गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. नकाशावरची वेळ तेव्हा उपयोगाची नाही. सांगली-मिरजेचं बळ रेल्वेत आहे. मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा सगळ्या दिशा निघतात. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी वंदे भारतही सुरू झाल्या. त्या रोजच्या नाहीत, एवढं लक्षात ठेवून बैठका ठरवाव्यात. साताऱ्याचं स्टेशन शहरापासून लांब माहुलीकडे आहे, त्यामुळे तिथे रेल्वेपेक्षा एसटी आणि हायवेच जवळचा.

आता दर. मालक ‘चौरस फुटाला अमुक रुपये’ म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न: कोणत्या चौरस फुटाला? कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली, सतरंजी पसरता येईल ती जागा. बिल्टअपमध्ये भिंती धरतात. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटाही येतो. फ्लॅट विकताना कार्पेट सांगणं रेरा कायद्याने बंधनकारक आहे. भाड्याच्या व्यवहारात मात्र ते स्वतःच विचारून घ्यावं लागतं. उदाहरणापुरते आकडे घेऊ. हजार फूट सुपर बिल्टअप, दर ३५ रुपये, भाडं ३५,००० रुपये. टेपने मोजलं तर आत ७०० फूट भरले. म्हणजे वापरायच्या जागेचा दर झाला ५० रुपये. त्यात मेंटेनन्स ४,००० रुपये. सातशे फुटांत मालकाची केबिन आणि छोटी मीटिंगची खोली काढून दहा माणसं नीट बसतात, तर एका खुर्चीमागे महिन्याला ३,९०० रुपये, वीज आणि कर वेगळे. ४५ रुपये कार्पेटने सांगितलेली दुसरी जागा त्यामुळे स्वस्त ठरू शकते. दोन जागांची तुलना खुर्चीमागेच करावी. फुटाच्या दरावर घासाघीस करणारे मला नेहमीच चुकीच्या दाराशी उभे वाटतात.

सांगलीत याच्याही आधी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे पाणी. कृष्णेची पातळी १९२९ च्या आयर्विन पुलाशी मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या आसपास आलं. सोळा वर्षांत तीनदा. जुन्या पेठांतल्या दुकानदारांनी त्यावर आपला उपाय शोधलाय: माल वरच्या मजल्यावर, हिशोबाची वही त्याच्याही वर. ऑफिस घेणाऱ्याने जलसंपदा विभागाची पूररेषा बघावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण कागदावर थांबू नये. शेजारच्या चहावाल्याला विचारावं, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवरची खूणच दाखवतो. तुमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर असलं तरी मीटरची खोली, लिफ्टची मोटर, जनरेटर आणि इंटरनेटची पेटी तळघरात असेल तर पूर तुमच्यापर्यंत येतोच. विम्यात पुराचं संरक्षण आहे का, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावं. साताऱ्यात पुराची भीती त्या मानाने कमी, तिथे पावसाळ्यातली ओल आणि छतावरची गळती बघावी. शक्यतो जुलैत.

कागदांमध्ये आधी जमीन. शहरात असेल तर नगरपरिषदेचं किंवा महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र मागावं आणि त्यात वापर ‘वाणिज्य’ आहे का ते वाचावं. सांगली, मिरज, कुपवाड १९९८ पासून एकाच महापालिकेत आहेत, त्यामुळे तिथे एकच दार. हायवेकडेच्या पुष्कळ इमारती मात्र ग्रामपंचायत हद्दीत असतात. तिथे बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा, दोन्ही मागावेत. नुसता घरपट्टीचा उतारा दाखवला म्हणजे परवानगी होती असं होत नाही. एमआयडीसीत जमीन मालकाची नसतेच. महामंडळ भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतं, आणि तो भूखंडधारक तुम्हाला जागा देणार असेल तर त्याला महामंडळाची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर दंड त्याला होतो, पण जागा तुम्हाला सोडावी लागू शकते. इमारतीवर बँकेचं कर्ज आहे का आणि भाड्याला बँकेची हरकत नाही असं पत्र आहे का, हेही विचारावं. हप्ते थकले तर बँक भाडेकरूची गय करत नाही. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. शेवटचं कधी दिलं ते बघावं.

वीज हा कुरबुरीचा विषय. स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम. मालकाच्या मोठ्या मीटरवर उपमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्यावा. मंजूर भार किती किलोवॅट आहे तेही बघावं. चार एसी आणि सर्व्हर लावल्यावर भार कमी पडतो आणि वाढवून घेण्यात महिना जातो. ऑफिसला महावितरण व्यापारी दर लावतं. आयटीचं काम करणारं नोंदणीकृत युनिट असेल तर राज्याच्या आयटी धोरणाखाली औद्योगिक दराची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. इंटरनेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा, शक्यतो दोन वेगळ्या बाजूंनी आलेल्या. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी कुणाची तार आहे ते बघत नाही.

करार म्हणजे इथे बहुतेकदा लिव्ह अँड लायसन्स, तीन किंवा पाच वर्षांचा. ६० महिन्यांच्या पुढे गेला की भाडेपट्टा धरून जास्त मुद्रांक शुल्क लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेणं मालकाचं काम आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. म्हणून शहाणा मालक टाळाटाळ करत नाही. खर्च फार नाही: एकूण भाडं, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. महिना ३०,००० भाडं, ३६ महिने, डिपॉझिट दोन लाख असेल तर १०,८०,००० अधिक ६०,०००, म्हणजे ११,४०,००० वर २,८५० रुपये मुद्रांक. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. आधारवर अंगठा देऊन ऑनलाइनही होते. अटींमध्ये लॉक-इन कुणावर बंधनकारक आहे ते नीट वाचावं. फक्त भाडेकरूवर असेल तर मालक तुम्हाला नोटीस देऊन मोकळा. बाजारपेठेत कुणी पागडीने जागा देऊ करत असेल, तर तो निराळाच व्यवहार आहे. तिथे वकिलाशिवाय पैसे हलवू नयेत.

मालकाची जीएसटी नोंदणी असेल तर भाड्यावर १८ टक्के लागतात. मालक नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर तुम्हीच भरायचा. व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते. डॉक्टरला मिळत नाही, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हा फरक मोठा आहे: मालकाने १८ टक्के लावले की डॉक्टरच्या खिशातून तेवढे जास्तच जातात. भाडं महिन्याला ५०,००० रुपयांच्या वर असेल तर टीडीएस कापायचा.

ताबा घेताना रिकाम्या खोल्यांचे, भिंतींच्या रंगाचे, एसीच्या आणि विजेच्या मीटरच्या आकड्याचे फोटो काढून दोघांच्या सह्यांची यादी करावी. डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं, रंगकामाचे पैसे त्यातून कापायचे की नाही, हे करारात आकड्यांत लिहावं. दोन्ही जिल्ह्यांत भाड्यावरून जितकी भांडणं होतात, त्यापेक्षा जास्त या शेवटच्या रंगकामावरून होतात असा माझा अंदाज आहे.