वजनावर उभी भिंत

खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेलं कणीस खाताना पुणेकर पाण्याकडे बघतो, धरणाच्या भिंतीकडे नाही. खरं तर बघण्यासारखी आहे ती भिंतच. मुठा नदीवर तिचं काम 1869 मध्ये सुरू झालं आणि 1879 मध्ये संपलं. दुष्काळी पट्ट्याला कालवा आणि लष्कराच्या छावणीला पाणी, असे दोन हेतू होते. कर्नल फाइफ या अभियंत्यावरून इंग्रज या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत; गावकऱ्यांनी ते नाव कधी मनावर घेतलं नाही.

दगड-चुन्याचं असं धरण निव्वळ स्वतःच्या वजनावर उभं असतं. म्हणून तळ रुंद, माथा अरुंद. पाण्याची खोली दुप्पट झाली, की भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट होतो. शिवाय पायाखाली झिरपलेलं पाणी तिला खालून उचलू बघतं. हे उचलणं किती घातक, ते अभियंत्यांना नीट उमगलं 1895 मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटल्यावर. खडकवासला त्याआधीचं.

सांडव्यावरून दर पावसाळ्यात वाया जाणारं पाणी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना खुपलं. भिंत उंच करायची तर खर्च मोठा. त्याऐवजी 1903 मध्ये त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की ती आपोआप उघडायची, उतरलं की मिटायची. भिंत तेवढीच राहिली, साठा मात्र वाढला. पुढे ग्वाल्हेरचं तिग्रा आणि म्हैसूरचं कृष्णराजसागर इथेही हीच युक्ती वापरली गेली.

12 जुलै 1961. वरच्या अंगाला पानशेतचं मातीचं धरण अजून अपुरं होतं. पाणी सोडायच्या नळाच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या नव्हत्या. तो खचला, त्यावरचा भरावही खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याच्या माथ्यावरून वाहू लागला. मातीचा बांध असा फार वेळ तगत नाही. ही भिंत काही तास तगली आणि दुपारी फुटली. शहरात पाणी शिरलं होतंच, पण तेवढ्या वेळात कितीतरी लोक उंचावर पोचले. जुन्या बांधकामाचं याहून मोठं श्रेय मला तरी दुसरं दिसत नाही.

पुढची तऱ्हा विचित्र. पूर ओसरला आणि पुण्याचे नळ कोरडे पडले, कारण साठाच वाहून गेला होता. लोक घागरी घेऊन विहिरी आणि पेशवाईतले हौद शोधू लागले.

फुटलेला भाग नंतर नव्याने बांधला. आता पावसाळ्यात शहरभर चर्चा असते ती खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले आणि नदीपात्रातला भिडे पूल बुडाला का, याची.