नळीवाचून श्वास

जिना चढून आल्यावर लागणारी धाप आपण सारेच जाणतो. घोटभर पाणी प्यालो की ती उतरते. पण विषाणूने फुप्फुसांत ठाण मांडले, म्हणजे अंथरुणावर पडल्यापडल्याच धाप लागते आणि उतरण्याचे नाव घेत नाही. २०२० सालच्या कोविडच्या साथीत हे कित्येक घरांनी पाहिले.

फुप्फुस म्हणजे हवेच्या इवल्याशा फुग्यांचे घोसच. सूज आली की त्यांतले कित्येक फुगे द्रवाने भरतात, मिटतात. रक्त त्यांच्या अंगावरून वाहते, पण प्राणवायू न घेताच पुढे जाते! अशा वेळी घशातून नळी घालून यंत्राने श्वास देता येतो. उपाय खरा, पण रोग्याला गुंगीत ठेवावे लागते, बोलणे खुंटते आणि नळीच्या वाटेने नवा जंतू शिरण्याची धास्ती असते ती वेगळीच.

मग नळीवाचून भागेल काय? १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या रोग्यांना नाकावाटे सतत दाबाखाली हवा दिली. त्यासाठी त्यांनी वापरला केर ओढणाऱ्या यंत्राचा पंखा! (गृहिणींनी नोंद घ्यावी.) हाच दाब मिटू पाहणारे फुगे उघडे धरतो. इटलीत तो मुखवट्याऐवजी पारदर्शक शिरस्त्राणातून देण्याची पद्धत आहे. आत गोंगाट फार, म्हणून रोग्याच्या कानांत बोळे घालतात.

दुसरी तऱ्हा जोरदार प्रवाहाची. धापा टाकणारा माणूस मिनिटाला तीस लिटरांहून अधिक हवा ओढतो. तिथे साध्या नळीचे चार-पाच लिटर काय पुरणार? म्हणून ऊन केलेली, दमट हवा मिनिटाला साठ लिटरांपर्यंत नाकात सोडतात. मात्र ब्रिटनमधल्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या प्राणवायूवरच्या शेकडा ४४ रोग्यांना नळी घालावी लागली किंवा मृत्यू आला. दाबाच्या हवेने हे प्रमाण ३६ वर आले, जोरदार प्रवाहाने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट, अशा प्रवाहावर असलेल्या रोग्यांना जागेपणी पालथे निजवण्याची बिनखर्ची युक्ती २०२१ साली सहा देशांतल्या अकराशेंवर रोग्यांत उपयोगी ठरली.

खरी कसोटी निराळीच असते. नळी टाळण्याच्या भरात वेळ टळून गेली, तर रोगी दमून कोसळतो. म्हणून परिचारिका घड्याळ लावून श्वास मोजत बसते, मानेचे स्नायू ओढले जातात का ते पाहते. आणि नळीचे सामान उशाशी मांडून ठेवलेले असतेच.