जिल्ह्याच्या नावावर मिळालेला निधी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं हादरला. पुढची काही वर्षं धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या संस्थांना निधी मागताना फारसं पटवून द्यावं लागत नव्हतं. जिल्ह्याचं नावच अर्धा अर्ज होतं. ही सवय संस्थांना पुढे नडली, असं माझं मत.

त्याच काळात एक वेगळं काम उभं राहिलं. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं हाती घेतलेल्या पुनर्वसनात हजारो कुटुंबांनी घरांची दुरुस्ती स्वतःच करायची होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’नं त्यासाठी गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणलं. योजना घरोघरी समजावून सांगायची, काम कुठं अडलं ते अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. अशा संस्थांच्या प्रस्तावात काम कोण करणार, हा रकाना रिकामा राहण्याचा प्रश्नच नव्हता.

भूकंपाच्या निधीचा ओघ आटला आणि दुष्काळ आला. मग प्रत्येक प्रस्तावाची सुरुवात ‘हा भाग कायम दुष्काळी’ अशी होऊ लागली. 2018 मध्ये केंद्रानं जिल्ह्याला विकासात मागे पडलेला ‘आकांक्षित जिल्हा’ ठरवलं, तेव्हा आणखी एक ओळ वाढली. पण दुष्काळ काही एकट्या अर्जदार संस्थेचा नसतो. शेजारच्या बीडची संस्थाही तेच लिहिते.

याउलट 2012 नंतरच्या टंचाईत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’नं मांडलेलं एक एकराचं मॉडेल बघा. घरच्या शेतातला एकरभर तुकडा बाईनं कसायला मागून घ्यायचा, त्यात सोयाबीन-उसाऐवजी भाजीपाला, डाळी, भरडधान्य लावायचं, पाणी जपून वापरायचं, आधी घरचं ताट भरायचं. यात देणगीदाराला मोजता येईल असं सगळं आहे: किती जणींना जमीन मिळाली, पिकं किती, बाजारातून काय आणणं थांबलं. शिवाय जमीन आणि राबणं कुटुंबाचंच, म्हणजे लोकवाटा पहिल्याच पानावर. 2016 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

दरम्यान कागद वाढले. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) कायदा 1 एप्रिल 2014 पासून लागू झाला. निधीची दारं पुण्या-मुंबईत उघडली, तीही तीन वर्षांचं काम दाखवता येणाऱ्यांसाठी. 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी आली, देणगीदाराला करसवलत देणाऱ्या 80-जीची नव्यानं नोंदणी आली. आता प्रस्तावाचा निम्मा लेखक संस्थेचा सीए असतो.

सगळ्यात मोठा घाव 2020 च्या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं घातला. मोठ्या संस्थेनं परदेशी निधी छोट्या संस्थेला पुढे देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थांची वाट इथंच अडली.

तेव्हापासून ही मर्यादा पाळण्यासाठी कार्यकर्त्यांचं मानधन ‘प्रशिक्षण’ किंवा ‘जनजागृती’च्या रकान्यात दडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. भूम-परंड्याच्या वस्त्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन आणि तिच्या स्कूटीचं पेट्रोल उघड लिहावं, शेजारी ती महिन्याला किती घरी जाणार तेही लिहावं. नाहीतर ऑडिटच्या वेळी ‘जनजागृती’ची बिलं कुठून आणायची?