धर्माच्या गाईचे दात मोजावेत

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असा व्यवहारी उपदेश आपल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या दानाची चिकित्सा करू नये, हा त्यातील विनय योग्यच होय. परंतु देणाऱ्यानेही चौकशी करू नये, असा त्याचा अर्थ नव्हे. दिलेली गाय इच्छित गोठ्यापर्यंत पोहोचली की नाही, आणि वाटेत तिचे दूध कोणी काढून घेतले, हे पाहणे दात्याचेच काम असते. अमेरिकेत दृष्टिहीनांच्या व अन्य धर्मादाय संस्थांच्या साहाय्यार्थ जुन्या मोटारी दान करण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

या पद्धतीचे स्वरूप थोडक्यात असे. अमेरिकेत मोटार ही चैन राहिलेली नाही. एका घरात दोन-तीन मोटारी असणे नित्याचे झाले आहे. साहजिकच एखादी जुनी, नादुरुस्त गाडी अंगणात पडून राहते. ती विकावयाची तर दुरुस्तीचा खर्च, जाहिरात, गिऱ्हाइकाची घासाघीस हे सारे आले. अशा वेळी एखाद्या दृष्टिहीन-सेवा संस्थेचे आवाहन कानी पडते : दूरध्वनी करा, आम्ही गाडी ओढून नेऊ, तुम्हांला करसवलतीची पावती देऊ. घरातील अडगळ जाते, करात सूट मिळते आणि पुण्यही पदरी पडते. एका दगडात इतके पक्षी मारण्याची संधी कोण सोडील?

मात्र ही गाडी कोण्या दृष्टिहीनाच्या दारी जात नाही. बहुधा ती संस्थेच्याही दारी जात नाही. संस्थेने नेमलेला व्यावसायिक मध्यस्थ ती उचलतो, लिलावात किंवा भंगारात विकतो, ओढून नेण्याचा, जाहिरातीचा व स्वतःच्या मेहनतान्याचा खर्च वजा करतो आणि उरलेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा संस्थेकडे पाठवितो. म्हणजे दात्याने दिली मोटार. संस्थेला मिळाली ती मोटारीच्या किमतीची उरलीसुरली शिल्लक.

एकतीस डॉलरांची गोष्ट

ही शिल्लक किती असते, हे अमेरिकी संसदेच्या अखत्यारीतील हिशेब-तपासणी कार्यालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून उघड झाले. २००० या करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी वाहनदानापोटी वजावट मागितली होती आणि त्यामुळे सरकारी महसूल सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलरांनी घटला, असा या कार्यालयाचा अंदाज होता. त्याने ५४ दानांचा मागही काढला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत, दात्याने जी किंमत दाखवून वजावट मागितली, तिच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती.

अहवालातील एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९८३ सालचा एक मालवाहू ट्रक २००१ मध्ये दान करण्यात आला. दात्याने वजावट मागितली २,४०० डॉलरांची. लिलावात ट्रक विकला गेला ३७५ डॉलरांना. मध्यस्थाचा व जाहिरातीचा खर्च जाता उरले ६३ डॉलर. त्यातील निम्मा वाटा, म्हणजे साडेएकतीस डॉलर, संस्थेला मिळाला. दात्याच्या वजावटीचा आकडा आणि संस्थेची प्रत्यक्ष प्राप्ती यांत शहात्तर पटींचे अंतर पडले. दात्याने खोटे केले असेही म्हणता येत नाही. छापील किंमत-पुस्तिका पाहून वाहनाची किंमत ठरविण्याची मुभा त्या काळच्या कायद्यानेच दिलेली होती. सवलतीचा भार मात्र दात्याने नव्हे, इतर करदात्यांनी उचलला.

पुढल्या वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ जानेवारी २००५ पासून अमलात आली. पाचशे डॉलरांहून अधिक वजावट मागावयाची असेल, तर ती वाहनाच्या प्रत्यक्ष विक्रीतून आलेल्या रकमेपुरतीच मिळेल, असा दंडक घालण्यात आला. संस्थेने वाहन स्वतःच्या कार्यासाठी खरोखर वापरले, त्यात मोठी सुधारणा केली, किंवा गरजूला नाममात्र किमतीत दिले, तरच बाजारभाव धरण्याची मुभा राहिली. पुढे २०१८ पासून सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट जवळजवळ दुप्पट झाली, त्यामुळे बहुसंख्य करदात्यांना मोटारदानाचा कराच्या दृष्टीने काही लाभ उरला नाही.

कायद्याची मर्यादा

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नवा कायदा पाहतो तो विक्रीची ढोबळ रक्कम. संस्थेच्या हाती पडलेली निव्वळ रक्कम नव्हे. सरकारी तिजोरीला लागलेली गळती त्याने थांबविली. धर्मादाय संस्थेच्या झोळीला पडलेले छिद्र बुजविले नाही. मध्यस्थाने किती टक्के घ्यावेत, याला त्या कायद्याने मर्यादा घातलेली नाही.

राज्यांनी अशी मर्यादा घालण्याचा प्रयत्न पूर्वी केला होता, आणि योगायोग असा की त्याला आव्हान देणाऱ्यांत दृष्टिहीनांचीच एक संघटना होती. नॉर्थ कॅरोलायना राज्याने व्यावसायिक निधिसंकलकांच्या मेहनतान्यावर टक्केवारीची बंधने घातली. ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’च्या त्या राज्यातील शाखेने ती न्यायालयात नेली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंधने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधी म्हणून रद्द केली. टक्केवारी अधिक म्हणजे फसवणूक, असे समीकरण मांडता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. लहान, नवी किंवा लोकांना न रुचणारी बाजू मांडणारी संस्था असेल, तर तिला पहिला रुपया मिळविण्यासाठीच बराच खर्च येतो. १९४० मध्ये स्थापन झालेली ही संघटना दृष्टिहीनांसाठी इतरांनी चालविलेली नसून दृष्टिहीनांनी स्वतः चालविलेली आहे. आमच्या वतीने कोण, किती दरात बोलणार हे सरकारने ठरवू नये, या तिच्या भूमिकेत स्वाभिमानाचा अंश होता, हे विसरता येणार नाही.

तात्पर्य, राज्यसंस्था जेथे टक्केवारी ठरवू शकत नाही, तेथे ती विचारण्याची जबाबदारी दात्यावर येते. गाडी कोण विकणार, ठरावीक रक्कम घेणार की हिस्सा, शंभरातील किती संस्थेला पोहोचणार, हे तीन प्रश्न दूरध्वनीवरच विचारता येतात. प्रामाणिक संस्थेला त्यांचा राग येण्याचे कारण नाही.

मोटारदान सर्वस्वी व्यर्थ आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्याला गाडी विकण्याचा खटाटोप जमत नाही, त्याच्या अंगणातून ती संस्थेच्या नावाने हलली नसती, तर संस्थेला साडेएकतीस डॉलरही मिळाले नसते. ज्याच्याजवळ रोख पैसा नाही पण गाडी आहे, त्यालाही दानाचा मार्ग यामुळे खुला होतो. दोष दानाच्या वृत्तीत नसून दानाच्या मोजमापात आहे. देणाऱ्याने काय सोडले, यावर दानाचे मोल ठरत नाही. घेणाऱ्याला काय लाभले, यावर ते ठरते.

महाराष्ट्रापुरता विचार

हा प्रश्न परदेशापुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत आच्छादनाखाली वर्षानुवर्षे न हललेल्या मोटारी दिसू लागल्या आहेत. मुले परदेशी गेली, वडिलांच्याने गाडी चालवणे होत नाही, आणि विकण्यास मन धजत नाही. अशा वेळी ‘एखाद्या अंधशाळेला देऊन टाकू’ हा विचार सहज सुचतो. तो कृतीत आणण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवावयास हव्यात.

पहिली, नोंदणीची. केवळ किल्ली हाती दिल्याने मालकी सुटत नाही. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावर येईल, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरी, कराची. भारतीय प्राप्तिकर कायद्यातील देणगीची सवलत पैशाच्या रूपातील देणगीलाच मिळते, वस्तुरूप दानाला नाही. आणि तीही जुनी कररचना स्वीकारणाऱ्यालाच. म्हणून सरळ मार्ग हाच, की गाडी रीतसर विकावी, किंवा चालण्याजोगी नसेल तर अधिकृत भंगार केंद्रात द्यावी, आणि आलेली रक्कम धनादेशाने संस्थेला पाठवावी. मध्यस्थाचा हिस्सा आपोआप वाचतो आणि किमतीविषयी भ्रमही उरत नाही.

पैसा घेणारी विश्वासार्ह ठिकाणे महाराष्ट्रात अनेक आहेत. १९०० मध्ये, दुष्काळाच्या झळा ताज्या असताना, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची अंधशाळा ही तिचीच परंपरा होय. पुण्याची अंधशाळा १९३४ मधील. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था मुंबईत १९५२ मध्ये उभी राहिली. अशा संस्थांना पंधरा वर्षांची जुनी मोटार घेऊन तिचा विमा व दुरुस्ती सांभाळण्यापेक्षा ब्रेल पुस्तके, ध्वनिमुद्रित पाठ, संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी साधने आणि ती शिकविणारा शिक्षक यांची निकड अधिक असते. परीक्षेच्या हंगामात लेखनिक म्हणून तीन तास देणारा स्वयंसेवक तर गाडीहूनही मोलाचा ठरतो.

शिवाय दान हा हक्काला पर्याय नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या. त्यातील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. त्या जागा भरल्या जातात की नाही, याची विचारणा करणारा नागरिक कोणत्याही देणगीदाराइतकाच दृष्टिहीनांच्या उपयोगी पडतो.

मोटार आणि दृष्टिहीन यांचे नाते तसे जुने आहे. १९२१ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथे दृष्टी गमावलेल्या जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराने वाढत्या मोटारींच्या भयाने आपली काठी पांढरी रंगविली, चालकांना ती दिसावी म्हणून. शंभर वर्षांनंतर तीच पांढरी काठी आपल्या शहरांत पदपथावर चढवून उभ्या केलेल्या बंद गाडीवर आपटते, आणि काठी धरणाऱ्याला भर वाहतुकीत रस्त्यावर उतरावे लागते. तेव्हा जुनी गाडी कोणत्या संस्थेला द्यावी, याचा निर्णय होईल तेव्हा होवो. पदपथावरची गाडी हलविण्यास मात्र कोणाची पावती लागत नाही, आणि त्या दानाचा शंभर टक्के वाटा दृष्टिहीनांच्याच पदरात पडतो.