दोन ते पाच

नीटचा पेपर १८० प्रश्नांचा आणि १८० मिनिटांचा. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, असं अकरावीला आलेलं प्रत्येक पोर पहिल्याच आठवड्यात पाठ करतं. हिशेब सोपा आहे आणि फसवा आहे. प्रश्नाचा क्रमांक ताडून गोळा नीट काळा करायला पाचएक सेकंद जातात. १८० गोळ्यांची पंधरा मिनिटं तिथेच संपली. मध्येच पर्यवेक्षक हजेरीची सही घ्यायला येतात आणि हातातलं गणित तुटतं. उरलेल्या वेळात जीवशास्त्राचे ९०, रसायनशास्त्राचे ४५ आणि भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न. गुण सगळ्यांना सारखे, चार. वेळ मात्र सारखा लागत नाही. मायटोकॉन्ड्रियाचं काम विचारलं तर प्रश्न वाचून होईतो उत्तर सापडलेलं असतं. उतारावरून घसरणारा ठोकळा घर्षणासकट आला, की दोन-अडीच मिनिटं कुठे गेली ते कळत नाही.

मी लातुरात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीची बोर्डाची परीक्षा संपली की आमच्याकडे टेस्ट सिरीजचा हंगाम सुरू होतो. नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडची मुलं खोल्या घेऊन राहिलेली असतात. निम्मी रिपीटर बॅचची. पूर्ण पेपर असतो त्या दिवशी मी हॉलमध्ये फिरत असते आणि माझ्या हातात बाकांचा नकाशा असतो. दर अर्ध्या तासाला एक चक्कर मारायची आणि कोण कुठल्या विषयाच्या कितव्या प्रश्नावर आहे, ते त्याच्या चौकोनात लिहायचं. मुलांना सुरुवातीला याचा राग येतो. नंतर निकालाच्या कागदाशेजारी हा नकाशा ठेवला, की तीच माझ्या टेबलाभोवती गर्दी करतात.

कारण त्या दोन कागदांमधून चुका कुठे झाल्या यापेक्षा कधी झाल्या ते दिसतं. पहिल्या तासात चुका कमी. शेवटच्या वीस मिनिटांत पुष्कळ, पण त्या घाईच्या, त्यांची कारणं मुलांना स्वतःलाच माहीत असतात. खरा घोळ साडेतीन ते सव्वाचार या वेळात असतो. ‘खालीलपैकी अयोग्य विधान कोणते’ यातलं ‘अयोग्य’ वाचलंच जात नाही. सेंटिमीटरचं मीटर करायचं राहून जातं. येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं चुकतात. मूल याला ‘सिली मिस्टेक’ म्हणतं आणि सोडून देतं. मला ते नाव आवडत नाही. दर पेपरला त्याच वेळेला होणारी चूक सिली कशी?

हॉलमध्ये ही वेळ आवाजावरूनही कळते. दोन वाजता प्रश्नपुस्तिकेचं सील फाडल्यावर पानं उलटायचा एकसारखा आवाज सुरू होतो. तीनच्या घंटेला तो तसाच असतो. साडेतीननंतर तो विरळ होतो, खुर्च्या करकरायला लागतात, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं उघडतात. एखादा पाय हलवत बसतो. एखादी शेजारणीच्या पुस्तिकेकडे बघते. उत्तर बघायला नव्हे, ती कितव्या पानावर आहे ते बघायला. हे बघणं कॉपीइतकंच घातक आहे. शेजारीण रसायनशास्त्रापासून सुरू झालेली असते, पण हिला वाटतं आपण दहा पानं मागे पडलो.

शरीराचा भाग यात मोठा आहे आणि तो आम्ही शिक्षक सहसा शिकवत नाही. नीट मे महिन्यात, भर दुपारी दोन ते पाच. दीड वाजता गेट बंद होतं, पण तपासणीच्या रांगेसाठी मुलं त्याआधी कितीतरी वेळ उन्हात उभी असतात. जेवण झालेलं असतं साडेदहा-अकराला. आपलं घड्याळ नेता येत नाही, भिंतीवरच्या घड्याळावर आणि घंटेवर भागवायचं. म्हणजे तीन तासांचा पेपर प्रत्यक्षात पाच तासांचा होतो, आणि त्यातले शेवटचे तीन डोक्याने काम करायचे. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या चाचण्यांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला होता. दिवस जसा उतरतो तसे गुण थोडे थोडे घसरतात आणि चाचणीआधी वीस-तीस मिनिटांची सुट्टी मिळाली तर ते सावरतात, असं त्यात दिसलं. नीटमध्ये सुट्टी कोण देणार? म्हणून मी मुलांना छोटी सुट्टी घ्यायला लावते. विषय बदलताना पेन खाली ठेवायचं, दोन घोट पाणी प्यायचं, डोळे मिटून अर्धं मिनिट बसायचं. सुरुवातीला कुणी ऐकत नाही. “मॅडम, अर्ध्या मिनिटात एक बायोचा प्रश्न होतो की,” असं सांगतात. होतो, खरं आहे. पण त्या अर्ध्या मिनिटाशिवाय पुढचे किती बिघडतात, ते नकाशावर दाखवावं लागतं.

विषयांच्या क्रमावरून आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी वाद होतो. बायो आधी, यावर साधारण एकमत आहे; पन्नास मिनिटांच्या आत ९० प्रश्न मागे टाकले की मुलाला धीर येतो. पुढे रसायन आणि शेवटी भौतिकशास्त्र ही रूढ चाल. तिचा तोटा असा, की सगळ्यात जास्त आकडेमोड ऐन थकव्याच्या वेळी येते. मी सांगते, बायोनंतर लगेच भौतिकशास्त्राची एक फेरी करून घ्या. फक्त एका सूत्रात सुटणारे, एकक बघून ओळखता येणारे, आलेखाचे प्रश्न. मग रसायन. राहिलेलं भौतिकशास्त्र शेवटी. ही पद्धत सगळ्यांना मानवत नाही. काहींना विषय बदलला की पुन्हा लय सापडायला वेळ लागतो. त्यांनी जुन्याच वाटेने जावं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात क्रम बदलणारा मात्र हमखास अडकतो.

आणि फेरी म्हटली की सोडणं आलं. हे सगळ्यात अवघड. हुशार मुलालाच प्रश्न सोडवत नाही. दहावीपर्यंत कुठलाच प्रश्न न सोडल्यामुळे तर ते हुशार ठरलेलं असतं. नकाशावर एखाद्याच्या चौकोनात लागोपाठच्या दोन चकरांना जवळजवळ तोच आकडा आला, की मी त्याच्या बाकाशी नुसती थांबते. तो मान वर करत नाही. समासभर आकडेमोड झालेली असते, उत्तर पर्यायात नसतं, म्हणून तो तेच पहिल्यापासून करत असतो. एसटीचा कंडक्टर सुट्या पैशांसाठी एका प्रवाशाशी हुज्जत घालत बसला, तर बाकीच्या गाडीची तिकिटं राहतात, तसंच हे. नियम मी साधा ठेवला आहे. दीड मिनिटात वाट दिसली नाही तर क्रमांकाला गोल करायचा आणि पुढे जायचं. वाचूनच कळलं की हा आपला नाही, तर फुली. दुसऱ्या फेरीत गोलवाले बघायचे, फुलीवाल्यांकडे ढुंकून बघायचं नाही. २०२५ च्या पेपरात भौतिकशास्त्र फार जड आलं होतं. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ७२० पैकी ६८६. हा आकडा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. पहिला येणाऱ्याचेही चौतीस गुण गेले, मग तुम्ही सतराव्या प्रश्नासाठी कशाला हटून बसता?

सोडण्याबरोबर गोळ्यांचा धोका येतो. एक प्रश्न सोडला आणि उत्तरपत्रिकेत ती ओळ सोडायची राहिली, की पुढचे सगळे गोळे एकेक घर वर सरकतात. पेन बॉलपेन, केंद्रावरच मिळालेलं. खोडायची सोय नाही. काही मुलं सगळे गोळे शेवटी करतात, तो तर निव्वळ आत्मघात. प्रत्येक उत्तरानंतर लगेच गोळा करणाऱ्यांची मान सारखी इकडून तिकडे होते. एक पान सोडवलं की त्या पानाचे गोळे, ही रीत मला सगळ्यात बरी वाटते. डोक्यालाही तेवढाच विसावा.

अंदाजाने गोळे करावेत का, हा दर बॅचचा प्रश्न. चुकीला एक गुण कापतात. निव्वळ गणित केलं तर डोळे झाकून केलेल्या चार गोळ्यांत सरासरी एक बरोबर, म्हणजे चार मिळाले, तीन गेले, एक उरला. तोटा नाही. तरी मी नको म्हणते, कारण मुलं डोळे झाकून करतच नाहीत. ती अर्धवट आठवण्यावर करतात, आणि अर्धवट आठवणाऱ्याला जो पर्याय ओळखीचा वाटेल तो पेपर काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तरच गोळा.

राज्याच्या सीईटीत हेच शहाणपण उलटं पडतं. तिथे निगेटिव्ह नाही, म्हणून एकही प्रश्न मोकळा ठेवायचा नाही. पीसीएम गटाला भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, प्रश्नाला एक मिनिटही नाही. मग गणिताचे ५० प्रश्न तेवढ्याच वेळात, प्रत्येकी दोन गुणांचे. आधीच्या विभागात वेळ वाचला म्हणून गणिताला देता येत नाही. दोन्ही परीक्षा देणाऱ्या पोरांचा वेग काही आठवड्यांत दोनदा बदलावा लागतो, आणि त्यासाठी सरावाचे पेपरही वेगळे लागतात.

मिनिटांची किंमत किती, ते २०२४ मध्ये देशाने पाहिलं. नीटमध्ये वेळ वाया गेल्याबद्दल १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला फेरपरीक्षा घ्यावी लागली.

तरीही आमच्याकडे कित्येक क्लासचे सराव पेपर सकाळी होतात, कारण दुपारी हॉल नियमित तासांना लागतो. मूल सकाळी ताज्या डोक्याने सहाशेच्या वर जातं, मेसचं जेवून दोन वाजता झोपतं, आणि मे महिन्यात नेमकं त्याच वेळी त्याला पेपर सोडवायचा असतो. क्लासचालकांना माझं सांगणं आहे, की शेवटचे सहा आठवडे तरी पूर्ण पेपर दोन ते पाचच घ्या, एसी न लावता, साध्या बॉलपेनने. पालकांनीही त्या दिवसांत मुलाची दुपारची झोप मोडावी. आणि पेपर देऊन आलेल्या पोराला गेटवरच “किती सुटले?” विचारू नये, आधी जेवू घालावं.